‘क्लोजर’साठी एकच मराठी शब्द ठरवावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला चुकीचा कळला असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एका संस्थेने इंग्रजीत मार्गदर्शिका लिहिली आहे आणि तुम्ही ती मराठीत आणताय. तीत ‘क्लोजर’ आणि ‘क्लोजिंग’ जागोजागी येतात. पोलिसांनी तपास थांबवला तिथे, कोर्टातल्या युक्तिवादात, ग्रामसभेत, कमी पटाच्या शाळेच्या प्रकरणात, कारखान्याच्या, कर्जखात्याच्या, माणूस गेल्यावर घरच्यांशी कसं बोलावं त्या प्रकरणात, आणि शेवटी ‘गोष्ट कशी संपवावी’ या कार्यशाळेच्या टिपणात. संस्थेच्या शब्दसूचीत या सगळ्याला एकच प्रतिशब्द दिलाय, ‘समापन’. तपासणारे म्हणतात सगळीकडे तोच हवा, एकवाक्यता राहते. तुम्हाला ते वाचताना खडा लागल्यासारखं होतंय, पण का ते त्यांना पटवता येत नाहीये.

एकच शब्द नको, असं माझं मत. पण आधी एक गोष्ट कबूल करते: हे कागद कसला आहे त्यावर अवलंबून असतं. कंपनीच्या खरेदी-विक्रीच्या करारात ‘क्लोजिंग’ची व्याख्या सुरुवातीलाच दिलेली असते, अमुक दिवशी पैसे आणि मालकी हातोहात होतील तो दिवस. तिथे पहिल्या पानावर जो शब्द घेतला तोच शेवटच्या पानापर्यंत न्यायचा, मग तो कितीही ओबडधोबड असो, कारण उद्या भांडण झालं तर त्या शब्दावरच होणार. मोबाइलच्या पडद्यावरच्या बटणाचंही तसंच. तुमचं पुस्तक मात्र आशाताई, बचत गटाची सचिव, अंगणवाडी सेविका यांनी वाचून त्यावर काही करायचंय. तिथे एकवाक्यता हवी ती अर्थाची.

मी सव्वीस वर्षं हे काम करतेय. पहिली आठ-नऊ वर्षं कोर्टाचे आणि महसुलाचे कागद, मग संस्थांचे अहवाल, अधूनमधून कथा. या शब्दाला अडले की मी शब्दकोश उघडत नाही, दोन प्रश्न विचारते. बंद कोणी केलं? आणि ते परत उघडता येतं का? इंग्रजी शब्द या दोन्ही गोष्टी पोटात ठेवतो. मराठीत क्रियापद निवडलं की त्या ओठांवर येतातच, नाही म्हटलं तरी. सभा तहकूब होते, भांडण मिटतं, काम आटोपतं, योजना गुंडाळली जाते, फाइल बासनात जाते, विहीर बुजवतात. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

कोर्टापासून सुरुवात करते, कारण तिथे चुकीचा शब्द सगळ्यात महाग पडतो. मी नवीन होते तेव्हा एक म्हातारे गृहस्थ रोजनाम्याची, म्हणजे प्रकरणात त्या-त्या दिवशी काय झालं त्याच्या नोंदीची, नक्कल घेऊन आले होते. जमिनीच्या वाटणीचं प्रकरण, महसूल अधिकाऱ्यापुढे चाललेलं. शेवटची ओळ होती, ‘उभय पक्षांचा युक्तिवाद ऐकला. प्रकरण आदेशासाठी बंद.’ त्यांनी ‘बंद’ तेवढं वाचलं. गावात जाऊन भावकीला सांगूनही टाकलं होतं की आपण हरलो, साहेबांनी केस बंद केली. प्रत्यक्षात बंद झाली होती ती सुनावणी. निकाल अजून लिहायचाच होता. मी समजावल्यावर ते म्हणाले, “मग ताई, उघडी आहे असं का नाही लिहिलं?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती ओळ मराठीच होती, भाषांतरसुद्धा नव्हे. आपल्या कचेऱ्यांची मराठीसुद्धा कधीकधी अनुवाद करून सांगावी लागते.

दिवाणी दाव्यात साक्षीपुरावा संपला की पक्षकार ‘पुरावा बंद’ची पुरसीस, म्हणजे तसं लेखी निवेदन, देतो. म्हणजे आमच्या बाजूने आणखी साक्षीदार नाहीत, एवढंच. त्यानंतर येतो तो ‘अंतिम युक्तिवाद’. इंग्रजी ‘क्लोजिंग आर्ग्युमेंट’ला वकील, कारकून, पक्षकार सगळे हेच म्हणतात. तिथे ‘समापन युक्तिवाद’ लिहिलंत तर कोर्टाच्या आवारातला चहावालाही हसेल. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत शेवटी बोलणारा जे करतो तो मात्र ‘समारोप’. दोन्ही ठिकाणी शेवटचं बोलणं आहे, पण स्पर्धेत टाळ्या वाजून विषय तिथेच संपतो आणि कोर्टात न्यायाधीशांचं काम तिथून सुरू होतं.

पोलिसांचं प्रकरण तुमच्या पुस्तकात महत्त्वाचं असणार, म्हणून थोडं सविस्तर. वर्तमानपत्रं ‘क्लोजर रिपोर्ट’ लिहितात. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्याला ‘समरी’ म्हणतात आणि ती तीन प्रकारची असते. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा घडलाय हे खरं, पण आरोपी सापडत नाही किंवा पुरावा मिळत नाही. ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी, मुद्दाम केलेली. ‘क’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. इंग्रजीत तिन्हींना ‘केस क्लोज्ड’ म्हणून मोकळे होतात. पण ज्या बाईची सोनसाखळी गेली तिला ‘अ’ समरी म्हणजे चोर सापडला की प्रकरण पुन्हा उघडेल ही आशा आहे, आणि ‘ब’ समरी म्हणजे उलट तिच्यावरच कारवाई होऊ शकते ही धास्ती. एका शब्दाखाली आशा आणि धास्ती दोन्ही झाकली तर कार्यकर्तीने तिला सांगायचं काय?

आणखी एक. समरी पोलीस मागतात, ती मंजूर करणं न करणं न्यायदंडाधिकाऱ्याच्या हातात असतं. आणि ती मंजूर करण्याआधी मूळ फिर्याद देणाऱ्याला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग प्रकरणात १९८५ मध्ये सांगून ठेवलंय. तेव्हा ‘पोलिसांनी केस बंद केली’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘पोलिसांनी समरीसाठी अहवाल पाठवला, कोर्टाने अजून मंजूर केलेला नाही, तुम्हाला हरकत घेता येते’ असं लिहा. वाक्य लांबेल. लांबू द्या.

ग्रामसभेच्या प्रकरणात मूळ इंग्रजी काय आहे ते तुम्ही दिलं नाहीत, पण ‘द मीटिंग वॉज क्लोज्ड’ अशी ओळ असेल तर थांबा आणि नेमकं काय झालं ते विचारा. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली असेल तर त्याचा परिणाम वेगळाच आहे. आपल्याकडे ग्रामसभेला १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातली कमी असेल ती संख्या लागते. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. गावातल्या जाणत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पहिल्या दिवशी लोक आले नाहीत, दुसऱ्या खेपेला दहाजण बसून ठराव करून मोकळे. तुम्ही ‘सभेचे समापन झाले’ लिहिलंत तर बायका घरी बसतील, आणि तिकडे ठराव झालेला असेल.

वर विधिमंडळातही तीन शब्द आहेत आणि तिन्ही नीट वेगळे आहेत. बैठक तहकूब होते, म्हणजे उद्या परत. सत्रसमाप्ती होते, म्हणजे अधिवेशन संपलं, पण प्रलंबित विधेयकं जिवंत राहतात. विधानसभा विसर्जित होते तेव्हा तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं तिच्याबरोबर जातात. बातमीदार या मधल्या पायरीला ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ म्हणतात, आणि मला तो वाक्प्रचार फार आवडतो, पण मार्गदर्शिकेत नको. चर्चाच बंद करायचा ठराव हा प्रकार आपण ब्रिटिशांकडून घेतला. ब्रिटिश संसदेत आयरिश सदस्यांनी ताणत नेलेली ४१ तासांची बैठक २ फेब्रुवारी १८८१ला तिथल्या सभापतींनी स्वतःच्या अधिकारात थांबवली, आणि पुढे त्याचा नियम झाला. तिथे वाद मिटलेला नव्हता, बोलणं थांबवलं होतं. मराठीत ‘चर्चा संपली’ आणि ‘चर्चा थांबवली’ यात जो फरक आहे तोच हा.

आता कारखाना. कामगार कायद्यात मालकाने तात्पुरतं दार लावलं तर ती ‘टाळेबंदी’, आणि आस्थापना कायमची बंद केली तर तो ‘क्लोजर’. टाळेबंदीत कामगार-मालक नातं टिकून असतं, कुलूप निघालं की काम सुरू. कायमचं बंद करायचं तर १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला सरकारची पूर्वपरवानगी लावलेली होती, ९० दिवस आधी अर्ज करून. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा ३०० वर नेली. त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकले तर कामगार आपला हक्कच चुकीच्या जागी शोधत बसेल. त्यात २०२०मध्ये वर्तमानपत्रांनी ‘लॉकडाऊन’ला ‘टाळेबंदी’ म्हणायला सुरुवात केली आणि नव्या पिढीला त्या शब्दाने करोना आठवतो, गेटवरचं कुलूप आठवत नाही. तुमच्या पुस्तकात पहिल्यांदा येईल तिथे कंसात एक ओळ खुलासा टाका.

याच विषयावर मी स्वतः कशी अडकले ते सांगते. मुंबईच्या गिरणी संपावरचा एक इंग्रजी लेख होता, त्यात वाक्य होतं की संप १९८३मध्ये ‘कम टू अ क्लोज’. मी बिनधास्त ‘संप संपला’ लिहिलं. तो मजकूर लालबागच्या एका जुन्या कामगाराने वाचला आणि फोन केला. म्हणाला, कोणी संपवला? १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, हे तोवर मलाही माहीत होतं, पण लिहिताना हात चालून गेला होता. लोक थकले, गावी गेले, काही परत कामावर गेले, पुष्कळांना परत घेतलंच नाही. पुढच्या खेपेला मी ‘संप विरत गेला’ असं केलं. ‘संपला’ला कोणीतरी संपवणारा लागतो, ‘विरला’ला लागत नाही. इंग्रजी वाक्याने जी गोष्ट टाळली होती ती मराठी क्रियापदाने उघड केली, आणि ती त्या माणसाला लगेच दिसली.

शाळेबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. शासनाच्या कागदात ‘शाळा बंद’ सहसा सापडणार नाही, ‘समायोजन’ सापडेल. २०१७च्या डिसेंबरमध्ये कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळांचा निर्णय झाला तेव्हाही हाच शब्द होता, आणि २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायची ‘समूह शाळा’ आली. कार्यालयाच्या बाजूने पाहिलं तर ते खोटं नाही: शिक्षक दुसरीकडे जातात, मुलांची नावं दुसऱ्या पटावर चढतात. वाडीतल्या आईच्या बाजूने पाहिलं तर कालपर्यंत घरासमोर असलेल्या शाळेला आज कुलूप आहे. आपण अनुवादकांनी यात न्यायाधीश व्हायचं नाही, पण एकाच बाजूचा शब्द उचलून दुसरी पुसायचीही नाही. मी असं लिहीन: ‘शाळा बंद करून मुलांचे जवळच्या शाळेत समायोजन’. कार्यकर्तीला दोन्ही लागतात. अर्ज लिहिताना ‘समायोजन’, पालकांशी बोलताना ‘बंद’.

पतसंस्था आणि कर्ज पटकन उरकते. सहकारी संस्था कायमची मोडीत काढतात त्याला महाराष्ट्रात ‘अवसायन’ म्हणतात आणि नेमलेल्या माणसाला ‘अवसायक’. म्हणजे जिथे ‘समापन’ चाललं असतं असं वाटतं तिथेही लोकांच्या कानावर दुसराच शब्द पडलेला आहे. कर्जखात्याबाबत एक सूचना अर्थाची आहे. बँकेच्या लेखी खातं ‘क्लोज’ झालं तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा तसाच असू शकतो. बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करून घ्यावा लागतो. ‘खाते बंद झाले’ एवढ्यावर वाक्य थांबवू नका, नाहीतर शेतकरी निश्चिंत होईल आणि पुढच्या व्यवहाराला अडकेल.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेली जागा, शोकाचं प्रकरण. ‘कुटुंबाला समापन मिळण्यास मदत करा’ हे वाक्य वाचून मी खुर्चीतच आक्रसले. आपल्या घरांत बंद होण्याबद्दल, संपण्याबद्दल एक जुनी भीड आहे. दुकान आपण बंद करत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, मालवतो किंवा शांत करतो. बांगडी फुटली तर ‘वाढली’, मंगळसूत्र तुटलं तर ‘वाढवलं’. निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ज्या भाषेत दुकानाची फळी लावतानाही अशुभ टाळतात, त्या भाषेत विधवेसमोर बसून ‘समापन’ म्हणायचं?

मला विचाराल तर तिथे नाम शोधूच नका. इंग्रजीला नाम लागतं, आपल्याला क्रियापद पुरतं. सावरणं, मन हलकं होणं, रडून मोकळं होणं, ‘आता मनाला पटलंय’ असं म्हणता येणं. हिंदू घरांत दहाव्याला कावळा शिवला की लोक जो श्वास सोडतात तो इंग्रजी ‘क्लोजर’च्या सगळ्यात जवळचा आहे. पण तो तुमच्या पुस्तकात प्रतिशब्द म्हणून वापरू नका. वाचणाऱ्यांत बौद्ध घरं असतील, तिथे जलदानविधी असतो. मुसलमान घरांत चाळिसावा. एका घरची खूण सगळ्यांच्या माथी मारणं बरं नव्हे. ‘त्यांच्या घरची जी रीत असेल ती पार पाडायला वेळ आणि माणसं मिळू द्या’ असं लिहिलं की पुरे.

एक अपवाद मात्र नोंदवा. माणूस बेपत्ता असेल तर रीत पार पाडायलाही जागा नसते. कायदा सात वर्षं ठावठिकाणा न लागल्यास मृत्यू झाल्याचं गृहीत धरतो, वारसाहक्कासाठी, विम्यासाठी. एका संस्थेच्या समुपदेशकांसाठी मी मजकूर केला होता तेव्हा एका आईचं बोलणं त्यात होतं: कागद झाला तरी रात्री कडी लावत नाही. तिथे मूळ इंग्रजीत ‘लॅक ऑफ क्लोजर’ होतं. मी ते काढून टाकलं आणि आईचं वाक्य तेवढं ठेवलं. संपादकांनी मान्य केलं. तुमचेही करतील, विचारून बघा.

शेवटच्या कार्यशाळेच्या टिपणात तुम्हाला मोकळीक आहे, कारण गोष्ट संपवायच्या रीती आपल्याकडे भरपूर आहेत आणि बायकांना त्या पाठ असतात. ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे ऐकून मोठ्या झालेल्या गटाला ‘कथेचे समापन’ शिकवायचं म्हणजे कमाल आहे. कहाणी संपते तेव्हा फळ ऐकणाऱ्याला मिळतं. अभंग संपतो तो ‘तुका म्हणे’ने, म्हणजे कवी सही करून मोकळा होतो. ज्ञानेश्वरी संपते ती मागणं मागून, तेही साऱ्या जगासाठी. गाण्याच्या बैठकीत भैरवी सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात. प्रत्येक रीत श्रोत्याला वेगळ्या जागी सोडते. टिपणात ‘क्लोज्ड एंडिंग’ला ‘गाठ मारलेला शेवट’ आणि ‘ओपन एंडिंग’ला ‘मोकळा शेवट’ म्हटलंत तरी चालेल. इथे माझी एक जुनी चूक: मोकळ्या शेवटाच्या एका इंग्रजी कथेला मी मराठीत स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, वाचकाला चुकल्यासारखं वाटू नये म्हणून. संपादकांनी समासात लिहिलं, ‘हे दार तुम्ही का लावलंत?’

तपासणाऱ्यांना पटवायचं कसं? वाद घालू नका, शब्दसूचीच सुधारून द्या. ‘क्लोजर’समोर एका शब्दाऐवजी प्रसंग लिहा: पोलीस तपास असेल तर समरी, प्रकार सांगून. सुनावणी असेल तर ‘सुनावणी संपली, निकाल बाकी’. सभा असेल तर तहकूब की समाप्त ते पाहून. कारखाना तात्पुरता असेल तर टाळेबंदी, नाहीतर कायमचा बंद. सहकारी संस्था, अवसायन. शोक, क्रियापदाने. प्रशिक्षणाचं शेवटचं सत्र, समारोप. प्रसंग तेच राहिले की शब्दही तेच राहतील, म्हणजे त्यांची एकवाक्यता शाबूत आणि तुमचा खडाही गेला. मी हे दोन संस्थांना करून दिलंय. एकीने लगेच घेतलं, दुसरीने सहा महिने बैठका घेतल्या.

आणि तुम्ही नमुना म्हणून दिलेलं ते वाक्य, ‘ब समरी झाल्यास प्रकरणाचे समापन होते, काळजीचे कारण नाही’, ते आधी थांबवा. ‘ब’ समरीतच काळजीचं कारण असतं. बाकी पुस्तकाचं काय व्हायचं ते होऊ दे, पण ते पान छपाईला गेलं असेल तर आजच फोन करा.